दुसरं औषध लागू पडेना, त्यानंतरची बारा वर्षं : खानापूर तालुक्यातल्या एका अपस्मार रुग्णाचं प्रकरण

सुनीता (नाव बदललं आहे) सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली. विट्यापासून आत, घाटमाथ्याकडच्या एका गावात वडिलांची तीन एकर जमीन. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी यायच्या आधी ती जमीन पावसाच्या भरवशावरच होती. मामा गलाईच्या धंद्यात, केरळात त्रिशूरला. विटा, खानापूर, आटपाडी या पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या कामासाठी देशभर पांगलेली आहेत आणि केरळच्या सराफ पेठांतही ती भेटतात. हे सुरुवातीलाच सांगते, कारण हा मामा नसता तर सुनीताची शस्त्रक्रिया झाली नसती. जे काम आरोग्य यंत्रणेनं करायचं, ते इथं एका नात्यानं केलं. अशी नाती प्रत्येक घरात नसतात, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडते आहे.

मी मिरजेत वैद्यकीय समाजसेवेचं काम करते. २०१७ मध्ये ही मुलगी आणि तिची आई माझ्याकडे आल्या त्या अपस्मारासाठी नाहीत, तर भाजल्याच्या जखमेसाठी. चुलीपुढे बसलेली असताना तिचा डावा हात तव्यावर गेला होता आणि तिला ते कळलंही नव्हतं. त्याच हातावर कोपरापर्यंत जुने डाग होते, एकावर एक. मी विचारलं, फिट येतात का? आई लगेच म्हणाली, "फिट न्हाई हो मॅडम, ही नुसती थांबती."

"थांबती" म्हणजे काय

आपल्याकडे आकडी म्हटलं की माणूस जमिनीवर पडून हातपाय झाडणार, तोंडाला फेस येणार, कुणी तरी कांदा नाहीतर चप्पल नाकाला लावणार, हेच चित्र डोळ्यांपुढे येतं. सुनीताला तसं वर्षातून फार तर दोनदा व्हायचं. बाकी आठवड्याला तीन-चार वेळा जे व्हायचं, त्याला घरात कुणी आजारच म्हणत नव्हतं.

तिच्या भावानं मोबाईलवर काढलेला एक व्हिडिओ मी पाहिला. ती शेंगा फोडत बसली आहे. हात थांबतो. नजर समोर लागते. ओठ आणि जीभ चाटल्यासारखी हलू लागतात. उजव्या हातानं ती ओढणीचा काठ चाचपते, पुन्हा पुन्हा, जणू काही शोधते आहे. डावा हात मात्र मनगटातून वाकडा होऊन ताठलेला. भाऊ हाक मारतो, "ताई, ए ताई," आणि ती "हो, हो" म्हणते, पण त्याच्याकडे पाहत नाही. दीड मिनिटानं ती पुन्हा शेंगा फोडू लागते.

याच्या आधी काही जाणवतं का, असं विचारल्यावर तिनं पोटावर हात ठेवला आणि गळ्यापर्यंत वर नेला. "हितनं काहीतरी वर चढतं, आन् भ्या वाटतं. कशाचं ते कळत न्हाई."

पोटातून वर चढणारी ही जाणीव, कारण नसताना भीती, ओठांची हालचाल, एका हाताची चाळवाचाळव आणि दुसऱ्याचा ताठरपणा, हे सगळं मेंदूच्या कानशिलामागच्या भागातून, म्हणजे टेम्पोरल लोबमधून उठणाऱ्या झटक्याचं ठळक रूप आहे. ताठणारा हात साधारणपणे झटक्याच्या उगमाच्या विरुद्ध बाजूचा असतो. डावा हात ताठतो, तर उगम उजवीकडे. झटका चालू असताना "हो हो" असे शब्द तोंडातून येतात, म्हणजे झटका मेंदूच्या भाषा सांभाळणाऱ्या बाजूला नसावा, असंही तज्ज्ञ त्यातून ताडतात. इतकी माहिती त्या व्हिडिओत होती. मोबाईल घरात आल्याला तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती. असा व्हिडिओ काढून आणा, असं त्या आधी कुणीच त्यांना सांगितलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट आईच्या बोलण्यातून निघाली. दोन वर्षांची असताना सुनीताला तापात झटका आला होता आणि तो अर्धा तास थांबला नव्हता. एसटी मिळेना म्हणून शेजाऱ्याच्या जीपमधून विट्याला नेलं. तिथं इंजेक्शन दिल्यावर पोर शांत झाली. पुढची नऊ वर्षं काही नाही. अकराव्या वर्षी, २००३ मध्ये, शाळेत पहिल्यांदा ती "थांबली". लहानपणी तापात आलेला लांबलेला झटका, मधली शांत वर्षं आणि मग टेम्पोरल लोबचे झटके, हा क्रम हिप्पोकॅम्पल स्क्लेरोसिस या विकारात वारंवार दिसतो. मेंदूतला स्मरणशक्तीशी निगडित असा एक छोटा भाग आकसतो, त्यावर वण पडल्यासारखा होतो आणि तिथून झटके उठत राहतात. शस्त्रक्रियेनं सर्वांत चांगला गुण येणाऱ्या विकारांपैकी हा एक. त्या अर्ध्या तासाची नोंद सुनीताच्या एकाही केसपेपरवर नव्हती.

चिठ्ठ्यांचा ढीग

आईनं सगळे कागद एका साडीच्या पिशवीत जपले होते. केसपेपर, मेडिकलची बिलं, रक्ताचे रिपोर्ट, गंडेदोऱ्याच्या पुड्या, सगळं एकत्र. ते सगळं फरशीवर पसरून आम्ही साल लावत गेलो. एका कोऱ्या कागदावर पाच रकाने आखले : वर्ष, औषध, डोस, किती दिवस घेतलं, का थांबलं.

सुरुवात गार्डिनलपासून, २००३. त्यानं ती वर्गात झोपायची. झटके कमी झाले नाहीत. पुढच्या वर्षी एप्टॉइन. ते पुरेशा डोसमध्ये दोन वर्षांहून जास्त चाललं. हिरड्या दातांवर चढल्या, चालताना तोल जाऊ लागला, झटके होतेच. म्हणजे २००६ संपता संपता दोन औषधं नीट वापरून झाली होती आणि दोन्ही लागू पडली नव्हती. मग टेग्रीटॉल, मग त्यासोबत व्हॅल्प्रोएट, मग लेव्हेटिरासिटॅम, मग फ्रिसियम. मध्ये एक आयुर्वेदिक काढा, मध्ये एका बाबाची पुडी. ती पुडी घेताना इतर गोळ्या अचानक बंद केल्या होत्या आणि त्या आठवड्यात तिला ओळीनं मोठे झटके आले होते.

डॉक्टर बदलला की नवी सुरुवात व्हायची. आधी काय दिलं होतं, हे कुणी विचारलं तरी घरच्यांना गोळीचा रंग आठवायचा, नाव नाही. प्रत्येक डॉक्टरनं आपापल्या परीनं योग्यच औषध लिहिलं असेल. पण एकामागून एक औषधं निष्फळ ठरत आहेत, हे एका कागदावर एकत्र कधीच आलं नाही. म्हणून ते कुणाच्या डोळ्यांवरही आलं नाही.

हे मोजणं का महत्त्वाचं? ग्लासगोमधल्या रुग्णांचा एक मोठा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या औषधानं ४७ टक्के रुग्णांचे झटके थांबले, दुसऱ्यानं आणखी १३ टक्क्यांचे. तिसरं औषध किंवा दोन औषधं एकत्र देऊन त्यात जेमतेम ४ टक्क्यांची भर पडली. याच धर्तीवरच्या पुराव्यांमुळे आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेनं २०१० मध्ये व्याख्या ठरवली : योग्य निवडलेली, सोसणारी दोन औषधं पुरेशी वापरूनही झटके थांबले नाहीत, तर तो औषधाला दाद न देणारा अपस्मार. अशा रुग्णाला मोठ्या केंद्रात पाठवून शस्त्रक्रियेचा विचार व्हावा. सुनीता या व्याख्येत चौदाव्या वर्षीच बसत होती. तिची शस्त्रक्रिया झाली सत्ताविसाव्या वर्षी, जानेवारी २०१९ मध्ये.

मधल्या बारा वर्षांत काय झालं ते थोडक्यात सांगते. दहावीला शाळा सुटली. विहिरीकडे जायचं नाही, एकटीनं रानात जायचं नाही. एकोणिसाव्या वर्षी, २०११ मध्ये, आजार लपवून लग्न लावलं. सासरी तिच्या गोळ्या डाळीच्या डब्यात लपवलेल्या असत, आणि लपवलेल्या गोळ्या वेळेवर कोण घेणार? वर्षाच्या आत ती माहेरी परत आली. सासरकडच्यांनी "फेफरंवालीशी झालेलं लग्न कायद्यानं टिकत नाही" असं सांगितलं आणि घरच्यांनी ते मान्य केलं. हिंदू विवाह कायद्याच्या अटींमधून अपस्मार हा शब्द १९९९ च्या दुरुस्तीनं काढून टाकलेला आहे, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. मला या प्रकरणात सर्वांत जास्त कशानं त्रास झाला असेल, तर यानं. बारा वर्षांपूर्वीच रद्द झालेल्या तरतुदीच्या धाकानं एका घरानं आपल्या मुलीचा संसार सोडून दिला.

"एमआरआय नॉर्मल"

पिशवीत २०१३ चा एक एमआरआय रिपोर्ट होता. खाली ठळक अक्षरात, नॉर्मल. या एका शब्दानं पुढची पाच वर्षं दार बंद केलं. घरच्यांचा समज झाला की मेंदूत काही नाही, म्हणजे आजार बाहेरचा. आणि देवऋषाकडच्या फेऱ्या वाढल्या.

तो एमआरआय खोटा नव्हता. गाठ, रक्तस्राव, मार लागल्याच्या खुणा शोधण्यासाठी जसा काढतात तसाच काढलेला होता, जाड छेदांचा. हिप्पोकॅम्पस हा बोटभर भाग. तो पाहायचा तर त्याच्या लांबीला काटकोनात, पातळ छेद घ्यावे लागतात आणि डावी-उजवी बाजू शेजारी ठेवून आकार आणि चकाकी ताडून पाहावी लागते. याला अपस्मार प्रोटोकॉल म्हणतात. यंत्र तेच, पण चिठ्ठीवर तसं लिहून द्यावं लागतं आणि पाहणारी नजरही त्यात तयार झालेली लागते. मिरजेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी आमचा पाच रकान्यांचा कागद आणि तो व्हिडिओ पाहिला आणि चिठ्ठीवर दोन ओळी जास्तीच्या लिहिल्या. नव्या तपासणीत उजवा हिप्पोकॅम्पस आकसलेला आणि नको तितका चकाकणारा दिसला. वडील फिल्मकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हंजी हाय तर काहीतरी." त्यांच्या आवाजात चक्क समाधान होतं. दोष भुताचा नाही, पोरीचा नाही, आईच्या नवसाचा नाही, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

शस्त्रक्रिया देशात होतीच

अपस्मारावर शस्त्रक्रिया भारतात पहिल्यांदा झाली ती १९५२ मध्ये, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात. कॅनडातल्या माँट्रियलला शिकून आलेले डॉ. जेकब चंडी यांनी तिथं १९४९ मध्ये मेंदूशस्त्रक्रियेचा विभाग उभा केला होता आणि डॉ. बलदेव सिंग ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, पाहत होते. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांत आपल्याकडे ही सुरुवात झाली होती. पुढे मात्र ती वाट रोडावली. एमआरआय नव्हता, व्हिडिओ-ईईजी नव्हता, झटका नेमका कुठून उठतो हे खात्रीनं सांगता येणं अवघड होतं. दुसरा जोम आला तो १९९५ मध्ये. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. के. राधाकृष्णन यांच्या पुढाकारानं अपस्मार शस्त्रक्रियेचा पद्धतशीर कार्यक्रम सुरू झाला. दिल्लीच्या एम्समध्येही त्याच सुमारास काम उभं राहिलं.

श्री चित्राच्या कामातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे त्यांनी निवडलेला क्रम. श्रीमंत देशांतल्या केंद्रांत होतात त्या सगळ्या महागड्या तपासण्या प्रत्येकाच्या करायच्या, असा हट्ट त्यांनी धरला नाही. एमआरआयमध्ये एका बाजूचा दोष स्पष्ट, व्हिडिओ-ईईजीमध्ये झटका त्याच बाजूचा, स्मृतिचाचण्याही तेच सांगतात, अशा रुग्णांना आधी घ्यायचं. पेट स्कॅन, मेंदूत तारा घालून करायच्या तपासण्या, हे ज्यांचं कोडं सुटत नाही त्यांच्यासाठी. त्यामुळे खर्च आवाक्यात राहिला आणि गुण परदेशातल्या केंद्रांइतकाच आला. ब्राझीलनंही १९९० च्या दशकात सरकारी आरोग्यसेवेतून ही शस्त्रक्रिया द्यायला सुरुवात केली. तरी २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात १४२ विकसनशील देशांपैकी फक्त २६ देशांत अपस्मारावर शस्त्रक्रिया झाल्याचं दिसलं. जगातल्या पाच कोटी अपस्मार रुग्णांपैकी जवळपास ८० टक्के ज्या देशांत राहतात, तिथली ही अवस्था.

पुराव्याची वानवा आहे म्हणावं तर तीही नाही. कॅनडातल्या, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून शस्त्रक्रिया आणि औषधं यांची तुलना झाली. वर्षानंतर शुद्ध हरपणाऱ्या झटक्यांतून शस्त्रक्रियेच्या गटातले ५८ टक्के मोकळे होते, औषधांच्या गटातले ८ टक्के. मुलांवरचा असा पहिला मोठा अभ्यास तर आपल्याच दिल्लीच्या एम्समधून आला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ११६ मुलं होती. वर्षानंतर शस्त्रक्रियेच्या गटातल्या ७७ टक्के मुलांना झटका नव्हता, नुसत्या औषधांच्या गटातल्या ७ टक्के मुलांना.

सुनीताचे झटके सुरू झाले तेव्हा केरळातला कार्यक्रम आठ वर्षांचा झाला होता. ज्ञान होतं, शल्यविशारद होते, देशाच्या देशात होते. विट्यातून तिथवर नेणारी ओळ मात्र कुठेच लिहिलेली नव्हती.

कुठे जायचं

ही शस्त्रक्रिया पुण्या-मुंबईतही होते. ते पर्याय आम्ही आधी तपासले. खाजगी रुग्णालयाचा अंदाजाचा आकडा ऐकून वडील उठूनच उभे राहिले. महात्मा फुले जन आरोग्य योजनेची तेव्हाची मर्यादा कुटुंबाला वर्षाला दीड लाख. शिवाय योजनेची घडी मुख्यतः भरती होऊन घेतलेल्या उपचाराभोवती बसवलेली. इथं तर शस्त्रक्रिया करायची की नाही हे ठरवण्यासाठीच आठवडाभर तपासण्या कराव्या लागतात, आणि त्यानंतर उत्तर "नको" असंही येऊ शकतं. आयुष्मान भारत २०१८ मध्ये आली, पण तिची यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेवर बेतलेली. त्यात यांचं नाव नव्हतं. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात, म्हणून तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवला. पण महानगरात महिनाभर राहायचं कुठं, हा प्रश्न दाखल्यानं सुटेना.

तेव्हा मामानं फोनवर सांगितलं, "माझ्याकडं या. हितली भाषा मला येती, डाक्टरबी चांगलं हायती म्हणत्यात." श्री चित्रा या केंद्र सरकारच्या संस्थेत उत्पन्नानुसार सवलत मिळेल, राहणं-खाणं मामाकडे, असा हिशेब जुळला. पुण्याहून एर्नाकुलमला जाणारी पूर्णा एक्स्प्रेस मिरजेवरून जाते, आठवड्यातून एकदा. तिचं तिकीट काढलं. औषधांचा तो एक पानी तक्ता, दोन्ही एमआरआय, व्हिडिओ आणि मिरजेच्या डॉक्टरांचं इंग्रजी पत्र असा संच सोबत दिला.

तपासणीचे दिवस

व्हिडिओ-ईईजी म्हणजे डोक्याला तारा चिकटवून, कॅमेऱ्यापुढे, रात्रंदिवस पडून राहायचं आणि झटका येण्याची वाट पाहायची. त्यासाठी चालू औषधं हळूहळू कमी करतात. ज्या झटक्यापासून पोरीला आयुष्यभर राखलं, तोच यावा म्हणून देखरेखीखाली वाट बघायची, हे आईला फार जड गेलं. झटक्याची चाहूल लागली की बटण दाबायचं काम तिच्याकडे होतं. पाच दिवसांत चार झटके नोंदले गेले, चारही उजव्या कानशिलाच्या पुढच्या भागातून उठलेले.

अडचण आली ती अनपेक्षित ठिकाणी, स्मृतिचाचणीत. शब्दांची यादी ऐकायची आणि थोड्या वेळानं आठवून सांगायची, गोष्ट ऐकून पुन्हा सांगायची, चित्रं ओळखायची. उजव्या बाजूचा भाग काढला तर उरलेली डावी बाजू स्मरणाचा भार पेलेल का, हे यातून कळतं. पण चाचणी घेणाऱ्यांना मराठी येत नव्हती आणि सुनीताला मराठीखेरीज काही येत नव्हतं. मामा दुभाषा म्हणून बसला. भाची अडखळली की तो मायेनं पुढचा शब्द सुचवायचा. मानसतज्ज्ञांच्या ते ध्यानात आलं. त्यांनी मामाला बाहेर बसवलं आणि मराठी येणाऱ्या एका नर्सला बोलावून चाचणी पुन्हा घेतली. आपल्या राज्याबाहेर उपचार घेताना भाषेचा प्रश्न जेवणाखाण्यापुरता नसतो. इथं तर मेंदूचा कोणता भाग काढायचा या निर्णयातच भाषा गुंतलेली होती. मराठी माणसांवर ताडून घेतलेल्या अशा चाचण्या मराठी मुलुखाजवळच्या केंद्रांत सहज मिळायला हव्यात, असं मला कळकळीनं वाटतं.

सगळ्या तपासण्या एकाच बाजूला बोट दाखवत होत्या. मेंदूविकारतज्ज्ञ, शल्यविशारद, रेडिओलॉजिस्ट आणि मानसतज्ज्ञ यांनी एकत्र बसून निर्णय दिला आणि घरच्यांना समोर बसवून समजावलं. अशा रुग्णांत साधारण दहापैकी सात जणांचे झटके थांबतात. डोळ्यांच्या नजरेचा डावीकडचा वरचा कोपरा अंधुक होऊ शकतो. जंतुसंसर्ग, रक्तस्राव, अर्धांगवायू यांचा धोका थोडा, पण आहे. औषधं लगेच बंद होणार नाहीत.

वडिलांनी विचारलं, "म्हंजी शंभर टक्के न्हाई?" नाही, असं उत्तर मिळालं. ते दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. त्यांनी मला फोन केला तेव्हा मी त्यांना एवढंच विचारलं, की ऑपरेशन नाही केलं तर काय होईल, हे त्यांना कुणी सांगितलंय का. न थांबणाऱ्या अपस्मारालाही धोका असतो : भाजणं, बुडणं, आणि झोपेत अचानक मृत्यू. अपस्मारात असा अचानक मृत्यू वर्षाला हजारात सुमारे एकाला येतो आणि झटके आटोक्यात नसलेल्यांत हे प्रमाण अधिक असतं. तरीही सही वडिलांनी केली नाही. सुनीतानं केली. ती सत्तावीस वर्षांची होती आणि स्वतःच्या आजाराबद्दलचा कागद तिनं प्रथमच स्वतः वाचायला मागितला होता. कागद इंग्रजीत होता. मामानं ओळ न् ओळ मराठीत सांगितली, मग तिनं सही केली.

उजव्या टेम्पोरल लोबचा पुढचा भाग, त्यासोबत आकसलेला हिप्पोकॅम्पस आणि लगतचा अमिग्डाला नावाचा छोटा भाग काढण्यात आला. आठवड्याभरात ती मामाच्या घरी आली.

नंतर

पहिले महिने सरळ गेले नाहीत. झटका आला नाही, पण ती रडायची, कुणाशी बोलायची नाही, रात्र रात्र जागी असायची. शस्त्रक्रियेनंतर काही महिने असं मन खचणं अनेकांत दिसतं, हे सोडतानाच सांगितलेलं असल्यामुळे घरचे घाबरले नाहीत, आणि मिरजेच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे वेळेत पोचले. शिवाय घरातलं तिचं स्थान बदललं होतं. आजवर तिला जपत होते, आता भावजय म्हणू लागली, बरी झालीय तर कामाला का लागत नाही? सोळा वर्षं आजारी म्हणून वाढलेल्या माणसाकडून एका महिन्यात धट्ट्याकट्ट्याची अपेक्षा करायची, याला माझा विरोध होता आणि मी तो त्या घरात जाऊन बोलून दाखवला.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीकडचे रस्ते तुटले. त्यांचं गाव उंचावर, पाणी तिथवर येण्याचा प्रश्न नव्हता, पण विट्यातल्या दुकानातली तिची एक गोळी संपली. भावानं आटपाडीत शोधून आणली. ऑक्टोबरमध्ये नवरात्राच्या उपासात तिनं दोन दिवस गोळ्या घेतल्या नाहीत आणि एक झटका आला, पूर्वीसारखाच, शुद्ध हरपलेला. घरात सुतक पडल्यासारखं झालं. ऑपरेशन फुकट गेलं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. केरळच्या डॉक्टरांनी फोनवर समजावलं की गोळी चुकल्यानं आलेला एखादा झटका म्हणजे अपयश नव्हे. त्यानंतर झटका आलेला नाही.

जानेवारी २०२० ची तपासणी झाली आणि दोन महिन्यांत टाळेबंदी लागली. दूरच्या केंद्रात शस्त्रक्रिया झालेल्यांचा खरा प्रश्न इथं उघडा पडला. पुढची तपासणी, ईईजी, औषध कमी करण्याचा निर्णय, सगळं लांबलं. मार्च २०२० मध्ये दूरध्वनीवरून उपचार देण्याचे नियम आले त्याचा आधार झाला, पण ईईजी फोनवर निघत नाही. शेवटी तो मिरजेत काढून फाईल पाठवली. हीच व्यवस्था सुरुवातीपासून ठरलेली असायला हवी : शस्त्रक्रिया मोठ्या केंद्रात, त्याआधीची निवड आणि त्यानंतरची निगा जिल्ह्यात. एवढ्यासाठी जिल्ह्याला शस्त्रक्रियागृह बांधावं लागत नाही. नीट काढलेला एमआरआय, ईईजी, औषधांचा तक्ता आणि पलीकडे फोन उचलणारा एक ठरलेला माणूस एवढ्यावर हे उभं राहतं.

नजरेचा डावा वरचा कोपरा तिचा खरोखरच गेला आहे. मांडणीवरच्या डब्याला डोकं आपटलं तेव्हा तिला ते कळलं. आता ती मान वळवून बघते. चार औषधांवरून ती टप्प्याटप्प्यानं एका औषधावर आली आहे. तासगावकडे एका बेदाणा शेडमध्ये प्रतवारीच्या कामाला जाते. मुकादमाला तिनं पहिल्याच दिवशी आजार आणि ऑपरेशन दोन्ही सांगितलं. तिला स्कूटी शिकायची आहे, पण वाहन परवान्याच्या अर्जात अपस्माराचा थेट प्रश्न असतो आणि खोटं लिहायचं नाही असं तिनं ठरवलं आहे. त्यामुळे ती शेअर रिक्षानं जाते.

घरात सध्या दुसऱ्या लग्नाचा विषय आहे. आईचं म्हणणं, आता झटके नाहीत तर सांगायचं कशाला. सुनीताचं म्हणणं, सगळे कागद पाहुण्यांपुढे ठेवायचे, चालत असेल तर बघू, आणि तेही उरलेली गोळी बंद झाल्यावर. गोळी बंद करायची की कमी डोसमध्ये चालू ठेवायची, हे पुढच्या ईईजीनंतर ठरेल. आईनं मला मध्ये पडायला सांगितलं. मी सुनीताच्या बाजूनं बोलले.